पांढऱ्या मोराचं अंडं

आमच्या घरातली पैशाची वाटणी कुठे लिहिलेली नाही, पण सर्वांना पाठ आहे. कापूस-सोयाबीनच्या पैशाचं काय करायचं ते दादा ठरवतो, भाजीच्या पैशाचं वहिनी. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. देवळीकडे त्याची साडेचार एकर जमीन आहे. विहिरीजवळच्या एका एकरात वहिनी वांगी, मिरची, पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, लावते आणि स्वतः विकते. या एकराच्या पैशातून घरात फ्रिज आला, पुतणीची नर्सिंग कॉलेजची फी भरली गेली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. यातल्या कशासाठीही दादाला विचारलं गेलं नव्हतं. त्याला सांगितलं गेलं होतं.

संक्रांतीला मी गावी गेलो तेव्हा वहिनीने भाजीसाठी आणखी अर्धा एकर मागितला. अंगणात तूर वाळत होती. दादा तुरीवरून पाय न उचलता चालत होता, शेंगा उलटत होता.

"आखाजीपर्यंत तुया पैशानं ठिबक लागलं तं अर्धा एकर तुयं," तो म्हणाला. "नाई लागलं तं मी सोयाबीन पेरतो. मंग तोंड नको फुगवू."

"अन् लागलं तं तुमी नका फुगवू," वहिनी म्हणाली.

ठिबकच्या नळ्यांचा भाव तिने आधीच काढून ठेवला होता. जुन्या एकराच्या पैशातून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, तीन-साडेतीन महिन्यांत तेवढी रक्कम बाजूला पडायला हवी होती. तिचा हिशेब सहसा चुकत नाही.

मी वर्ध्याला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात काम करतो. बातम्या आणण्याचं नाही, आलेल्या बातम्या तपासण्याचं. राहायला पिपरी मेघेत. वहिनी एक दिवसाआड सकाळी माल नेणाऱ्या ऑटोने दोन-तीन कॅरेट भाजी घेऊन येते, आमच्या घराजवळच्या पीठगिरणीच्या भिंतीला लागून बसते, अकराच्या सुमारास उरलेला माल शेजारच्या दही विकणाऱ्या आजीच्या हवाली करते, आमच्याकडे चहा घेते आणि बसने परत जाते. त्यामुळे तिच्यातला फरक दादाच्या आधी माझ्या लक्षात आला.

होळीनंतर ती ठिबकचं नाव काढेनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, "पाहू." वहिनी "पाहू" म्हणत नाही. ती हो म्हणते किंवा नाई म्हणते. एकदा देवळीला गेलो असताना ठिबकच्या दुकानात सहज डोकावलो. दुकानदार म्हणाला, बाई भाव घेऊन गेल्या, परत आल्याच नाहीत.

माझ्या टेबलावरून आठवड्याला दोन-तीन बातम्या फोनवरच्या फसवणुकीच्या जातात. बँकेतून बोलतो म्हणणारा माणूस, बक्षीस लागलं म्हणणारा माणूस. मी तसा माणूस शोधू लागलो. पहिला संशय दुकानदारावर घेतला: आगाऊ रक्कम घेऊन नाकबूल करत असेल. दुसरा, वहिनीला क्यूआर कोड लावून देणाऱ्या पोरावर. दोन्ही संशयांना काहीही आधार नव्हता. पण संशय घ्यायला आधार लागत नाही, छापायला लागतो.

मार्चच्या शेवटी वहिनीने फोन माझ्या हातात दिला. "भरला म्हनते हा. जुने फोटो काढून टाका जरा." ती पाय धुवायला गेली. मी जुने फोटो पुसले आणि मग, न विचारता, पैशांच्या व्यवहारांची यादी उघडली.

मोठी रक्कम एकही नव्हती. अनोळखी माणूसही नव्हता. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद अशा लहान लहान नोंदी, सगळ्या एकाच ठिकाणी गेलेल्या: फोनवरच्या एका खेळाला, 'अंडं' या नावाखाली. त्या सगळ्या वहिनीच्याच बोटाने गेल्या होत्या. एक गोष्ट मला विचित्र वाटली म्हणून मी कागदावर उतरवून घेतली. बाजाराच्या प्रत्येक दिवशी खेळाला गेलेली पहिली रक्कम ही गिऱ्हाइकाकडून आलेल्या पहिल्या रकमेनंतर दोन-तीन मिनिटांत गेलेली होती. सकाळी सात बाराला एका किलो वांग्याचे आले, सात चौदाला खेळाला गेले. एखाद्या दिवशी नाही. प्रत्येक दिवशी.

माझी शंका बदलली. आता ती खेळावर होती. त्याला गिऱ्हाइकाचे पैसे आल्याचं कळत होतं की काय?

वहिनी येऊन बसली. मी चहा पुढे केला.

"वहिनी, हे अंडं काय भानगड हाय?"

"कोनतं अंडं?"

"सात चौदाले घेतलं ते."

तिने कप खाली ठेवला. "तुमी माया फोन पाह्यला."

"पाह्यला."

"पेपरवाल्याची जातच तशी. कोनाचंबी पोट उघडून पाह्यता." मग, "तुमच्या दादाले सांगतलं?"

"नाई."

"सांगनार हाय?"

मी उत्तर दिलं नाही. तिने ते लक्षात घेतलं.

"हे पाहा भाऊजी, त्याइले समजलं तं ते चिल्लावनार नाई. चिल्लावले असते तं बरं होतं. ते म्हनतीन, दे तो फोन इकडं, उद्यापासून भाजीचा हिशेब मी पाह्यतो. अन् मंग पायातल्या चपलेले पैसे लागले तं मी मांगीन अन् ते देतीन. बावीस साल मी मांगतले नाई."

प्रश्न अर्ध्या एकरापेक्षा मोठा होता, आणि तो तिने स्वतःच मांडला.

मग तिने मला खेळ दाखवला. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिच्या बोटांत थोडा अभिमानही होता. रंगीत फळांच्या जोड्या जुळवायच्या. पुतणीने बसस्टँडवर वेळ जावा म्हणून फोनवर घालून दिलेला. फळं फुकट होती. पैसे पक्ष्यांच्या अंड्यांना पडत. अंड्यात कोणता पक्षी आहे ते फोडल्याशिवाय कळत नाही. पक्ष्यांचा एक अल्बम होता. पोपट, धनेश, निळकंठ, सुतार. सगळी पानं भरली होती, एक सोडून. तिथे मोराच्या आकाराची राखाडी सावली होती. पांढरा मोर.

"हा आला का पुरा संच होते," वहिनी म्हणाली.

"मग काय मिळतं?"

"महाल."

"आणि त्या महालात काय?"

"आनखी पाखरं ठेवाले जागा," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळेचं कोडं तिनेच सोडवलं. त्यात खेळाचा हात नव्हता. बाजारात दिवसाच्या पहिल्या विक्रीला बोहनी म्हणतात. बोहनीचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, भाव पडला तरी द्यायचं, त्याला सडका माल घालायचा नाही. पैसे कपाळाला लावायचे. आता नोट नसते म्हणून वहिनी फोन कपाळाला लावते. खेळ सुरू केला त्या दिवशी त्याने तिला टोपलीभर अंडी नऊ रुपयांत देऊ केली होती. वर लिहिलं होतं: सिर्फ़ आपके लिए, सिर्फ़ आज. त्या टोपलीत निळकंठ निघाला, जो सहसा निघत नाही.

"त्यानं तोटा खाऊन देल्लं ना मले," वहिनी समजावून सांगत होती, मी नवशिका असल्यासारखं. "माया हातची बोहनी झाली त्याची. बोहनीवाल्याले कोनी खराब माल देते का? म्हनून मी बी आपली बोहनी झाली का एक अंडं घेतो. हात चांगला असते त्या टायमाले."

ही अडाण्याची चूक नव्हती. ही जन्मभर बाजारात बसलेल्या बाईचीच चूक होती. बाजार न पाहिलेल्या माणसाला ती करता आली नसती. विकणाऱ्याची एक रीत असते, हे तिने गृहीत धरलं होतं.

मी तो खेळ माझ्या फोनवर घेतला आणि तीन आठवडे टिपणं ठेवली. पहिले तीन दिवस जवळजवळ प्रत्येक फुकट अंड्यातून नवा पक्षी निघाला. चौथ्या दिवसापासून चिमण्या. अंडं फुटताना आधी हलतं, तडा जातो, तड्यातून सोनेरी उजेड येतो, आणि शेवटच्या क्षणी तो उजेड राखाडी होतो. सोनेरी उजेड येण्याची काही गरज नव्हती. आत काय आहे ते खेळाला आधीच माहीत असणार. तो उजेड मला दाखवण्यासाठीच होता. चिमणी निघाली की लगेच टोपलीची जाहिरात येई. नव्या पक्ष्यानंतर येत नसे. पाच-सहा पडदे आत गेल्यावर बारीक अक्षरांत एक तक्ता होता. पांढरा मोर निघण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी होती. या काळात मी स्वतः तीन अंडी विकत घेतली. पहिलं तपासासाठी होतं. बाकीच्या दोन्हींबद्दल तसं म्हणता येणार नाही.

तक्ता मी वहिनीला वाचून दाखवला.

"शंभरातलं एकबी नाई उगवत?" ती म्हणाली. "अशी बियाण्याची थैली निंघाली असती तं कृषी केंद्रवाल्याच्या काउंटरवर उलटी करून आली असती मी."

"मंग हे काऊन घेता?"

"बियाणं समजून घेतलंच नाई ना."

कार्यालयात मी विषय मांडला. संपादकांनी दोन प्रश्न विचारले. तक्रार कोणाची? तिचं नाव छापता येईल? दोन्हींना माझं उत्तर नाही असं होतं. तिसरा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण आमच्या वेबसाइटवर त्या आठवड्यात कशाच्या जाहिराती फिरत होत्या ते मी पाहिलं होतं. बातमी झाली नाही. ती न होण्याचं कारण पहिले दोन प्रश्न होते की तिसरा, ते मला आजही सांगता येणार नाही.

आखाजीला दोन आठवडे उरले असताना एका सकाळी मी टिपणं घेऊन पीठगिरणीपाशी गेलो. वहिनीने नुकतंच अंडं फोडलं होतं. चिमणी. शेजारची दहीवाली आजी मान लांबवून पाहत होती.

"आज तरी निंघाला का व तुया मोर?"

"नाई निंघाला."

"कसा निंघन? मोर अंडं देते का? लांडोर देते. ज्यानं बनवला त्याले एवढं बी समजत नाई, अन् तू त्याले पैसे देऊन राह्यली."

"वावरातले मोर मिरच्या खाते, हा पैसे खाते," वहिनी म्हणाली. "खानारे दोघंबी सारखेच."

तिच्या पडद्यावर टोपली आली होती. एकोणनव्वद रुपये. मी माझा फोन काढला. माझ्याही पडद्यावर टोपली होती. तीच अंडी, तेवढीच, तोच निळा फडका. एकोणतीस रुपये. दोन्ही फोन मी वांग्यांच्या कॅरेटवर शेजारी शेजारी ठेवले.

वहिनीने दोन्ही पाहिले. मग माझा फोन उचलून उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलं असेल.

"तुमचा भाव कमी काऊन?"

"मी फारसं घेत नाही म्हणून असेल. खात्री नाही."

तेवढ्यात नव्या लेआउटमधल्या बंगल्यातले एक गृहस्थ स्कूटरवर आले. वांगी कशी? वहिनी म्हणाली, चाळीस. त्यांनी स्कूटर बंद न करता अर्धा किलो मागितली, क्यूआरवर वीस टाकले आणि गेले.

"मघा त्या बांधकामावरच्या बाईले तीस सांगतलं ना व?" आजीने विचारलं.

"तो भाव करत नाई," वहिनी म्हणाली.

आणि थांबली. तागडीत अजून एक वांगं होतं, ते तिने हातात धरून ठेवलं. समोर पालक मागणारी एक बाई उभी होती. तिच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"म्हंजे मी त्याचं स्कूटरवालं गिऱ्हाईक हाव," ती म्हणाली.

तीन आठवड्यांच्या टिपणांत ते वाक्य नव्हतं.

तिला राग भाव वेगळा लावल्याचा आला नव्हता. चेहरा पाहून भाव सांगणं हा तिचाही रोजचा धंदा आहे आणि त्यात तिला काही गैर वाटत नाही. राग याचा आला होता की इतके महिने समोरचा तिचा चेहरा वाचत होता आणि तिला वाटत होतं, आपण त्याची बोहनी केली आहे.

"थांबा," ती म्हणाली. "गिऱ्हाईक उठून गेलं का विकनारा काय करते?"

"मागून हाका मारतो."

"पाहू मंग हा मारते का."

तिने खेळ बंद केला. काढून टाकला नाही, फक्त बंद केला. मी काढून टाका म्हणालो तर म्हणाली, मग हाका कशा ऐकू येतील?

हाका आल्या. एक दिवसाआड चहाला आली की ती मला फोन दाखवायची. तिसऱ्या दिवशी: आपका मोर आपको याद कर रहा है, टोपली एकोणसाठ. पाचव्या दिवशी एकोणतीस. सातव्या दिवशी नऊ, वर दोन अंडी जास्त. भाजीवर मूठभर सांभार टाकावा तशी. नवव्या दिवशी पाच अंडी फुकट.

त्या दिवशी तिने बसची घाई केली नाही.

"भाऊजी, वांग्याचा भाव मी किती खाली आनीन? तोडाईची मजुरी हाय, आटोवाला हाय, फवारनी हाय. त्याच्या खाली नाई. गिऱ्हाईक गेलं तं जाऊ दे. हा एकोननव्वदवरून फुकटपर्यंत उतरला. म्हंजे याच्या मालाले लागतच नाई काही. ना पानी, ना मजूर." तिने फोन मेजावर ठेवला. "याचं वावरच नाई."

"ती पाच अंडी फोडली का?" मी विचारलं.

"नाई."

मी त्यावर विश्वास ठेवला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. फोन मेजावरच होता. या वेळी मी तो उचलला नाही.

आखाजीला मी गावी गेलो. सकाळी पितरांचं जेवण झालं, दादा वावरात निघाला, त्याच्यामागे वहिनी आणि मी. विहिरीपलीकडचा अर्धा एकर नांगरून उन्हाळवाही करून ठेवला होता. ढेकळं अजून फुटायची होती. विहिरीकडच्या बाजूला ठिबकच्या काळ्या नळ्या अंथरलेल्या होत्या. पण मध्यापर्यंतच. तिथे एक खुंटी ठोकली होती, आणि खुंटीपलीकडे धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, नुसती माती.

दादा खुंटीपाशी उभा राहिला.

"हे काय?"

"पाव एकर हाय," वहिनी म्हणाली.

"बोलनं अर्ध्याचं होतं."

"होतं."

"मंग?"

मी दादाला काही सांगितलेलं नव्हतं. सांगणार नाही असंही वहिनीला सांगितलं नव्हतं. गेला महिनाभर ती माझ्याकडे चहा पिताना हे डोक्यात ठेवूनच पीत असणार, हे मला तिथे, त्या खुंटीपाशी कळलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मोबाइलच्या खेळात गेले," ती म्हणाली. "माया हातानं गेले. कोनी फसवलं नाई."

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "किती?"

तिने आकडा सांगितला नाही. खुंटीपासून धुऱ्यापर्यंत हात फिरवला. "हे एवढं."

दादाने त्या मातीकडे पाहिलं. त्याने आकडा पुन्हा विचारला नाही. मला वाटतं, कोणत्याही आकड्यापेक्षा ते त्याला नीट कळलं. पाव एकराची किंमत तो पावलांत मोजू शकतो.

"फोन दे," तो म्हणाला.

वहिनीने पदराच्या गाठीजवळून फोन काढला, पण दिला नाही. हातातच धरला. "खेळ पाह्यचा असन तं दाखवतो. भाजीचा हिशेब पाह्यचा असन तं नाई. ह्या नळ्या बी त्याच हिशेबातून आल्या."

"अन् आनखी गेले तं?"

"तं पुढच्या साली ही खुंटी इकडं सरकन," ती म्हणाली आणि विहिरीच्या बाजूला बोट दाखवलं. "तुमाले घरबसल्या दिसन."

दादाने पायाने एक ढेकूळ फोडलं. ते पुरतं फुटलं नाही म्हणून दुसऱ्यांदा फोडलं.

"खुंटीच्या तिकडं सोयाबीन पेरतो मी मंग," तो म्हणाला.

"पेरा ना. पन तन नाई निंदनार मी तुमच्या सोयाबीनचं."

"कोन म्हनून राह्यलं निंद म्हनून?"

तो धुऱ्याकडे चालू लागला. वहिनीने फोन परत पदराजवळ खोचला, खाली वाकली, आणि एका नळीचं टोक खुंटीच्या पलीकडे हातभर गेलं होतं ते ओढून अलीकडे घेतलं.